सोन्याच्या हाताला तीट

सुई आत शिरली, नळी लाल झाली, मशीन घरघरायला लागलं आणि कृष्णात हवालदारांना तसूभरही दुखलं नाही. तरी त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि अख्खा वॉर्ड दणाणेल अशी आरोळी ठोकली.

"आई गं! मेलो, मेलो!"

साक्षी सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, खूप दुखलं का? मी तर हळूच..."

"हळूच म्हणं! बैलाला आर टोचावी तशी टोचलीस की गं!"

पायथ्याशी बसलेल्या मनुबाईंनी नवऱ्याकडं टक लावून पाहिलं. पलटणीत असताना गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घुसला तेव्हा हूं की चूं न केलेला हा माणूस. पण चारचौघांत नवऱ्याला काय विचारायचं? त्या त्याच्या पायांवरचं पांघरूण ओढत राहिल्या.

हवालदारांच्या किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा लोणंदहून फलटणच्या या खासगी दवाखान्यात यायचं आणि मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, असं त्यांचं जगणं होऊन बसलं होतं. त्यासाठी डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून फुगवलेली. तिच्यावर बोट ठेवलं की आत थरथर लागायची. ती थरथर आहे तोवर आपण आहोत, एवढं हवालदारांना पक्कं ठाऊक होतं. झोपताना ते हात कानाशी घेऊन झोपायचे. शीर बंद पडली तर? हा विचार आला की भल्या सकाळीसुद्धा त्यांना दरदरून घाम फुटायचा.

भ्यायला कारण होतं. शेजारच्या पलंगावर माणचा धुळा असायचा. मेंढरांमागं उभा जन्म चाललेला, काटक गडी. एके दिवशी त्याच्या वाट्याला अगदी नवी पोरगी आली. तिचा हात कापत होता. "जमत नसंल तर ऱ्हाऊ दे, पोरी," धुळा म्हणाला होता. पण विचारायला जाणती सिस्टर एकही उरली नव्हती, आणि बाकीच्या मशिनी तिच्याच नावानं पिपाण्या वाजवत होत्या. सुई शिरेच्या आरपार गेली. बघता बघता धुळाचा हात वांग्यासारखा काळानिळा झाला. मग मानेतून नळी घातली, तिथून ताप चढला, आणि एका सोमवारी त्या पलंगावर दुसरंच माणूस झोपलेलं दिसलं. तेव्हापासून हवालदार त्या पलंगाकडं बघतच नसत.

त्याआधी पूजा सिस्टर होती. तिचा हात सोन्याचा. हवालदारांनी तिचं कौतुक एसटीत केलं, बाजारात केलं, पाहुण्यारावळ्यांत केलं. ते फिरत फिरत शिरवळच्या एका कंपनीत पोचलं आणि कंपनीनं तिला आपल्या दवाखान्यात उचलली. एकच पाळी, रविवारी सुट्टी. का नाही जाणार? इथं एकीच्या माथी सगळ्या मशिनी; पुढच्या पाळीची आली नाही की हिनंच थांबायचं; सख्ख्या भावाच्या हळदीलाही सुट्टी नाही. आणि काही बिघडलं की खापर तिच्याच डोक्यावर. मॅनेजर हंबीररावांचं पालुपद ठरलेलं होतं, "एक गेली तर धा येतील." येतही होत्या म्हणा. पण दर वेळी नवा हात शिकायचा तो हवालदारांच्या शिरेवर.

मग ही साक्षी आली. पहिल्याच दिवशी तिनं शिरेवर बोट ठेवलं, क्षणभर डोळे मिटले आणि सुई अशी घातली की हवालदारांना कळलंसुद्धा नाही. पूजापेक्षाही हलका हात! आनंद व्हायचा, तर त्यांना शिरवळला गेलेली पूजाच आठवली. ही पण जाणार. हिला कळायचा अवकाश, की आपला हात सोन्याचा आहे.

गुटगुटीत लेकराला नजर लागू नये म्हणून गालाला काजळाची तीट लावतात. हवालदारांनी तशी तीट लावायची ठरवलं. ज्या पोरीला आपला हात कच्चा वाटतो, ती दुसरीकडं नोकरी मागायला कशाला जाईल? त्या दिवसापासून सुई शिरली की ते बोंब मारू लागले.

एकदा नेमके हंबीरराव फेरीवर असताना ही बोंब उठली.

"काय चाललंय हे?" सगळ्या पेशंटांदेखत ते साक्षीवर खेकसले. "दर वेळी याच पेशंटची बोंब! हात बसत न्हाई तुझा? उद्यापासनं दुपारची पाळी पण तूच कर. सराव हुईल जरा."

साक्षी खाली मान घालून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी हातमोज्यावर पडलेलं हवालदारांना दिसलं. आता बोलावं, पोरीचा काही दोष नाही म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. पण धुळाचा हात डोळ्यांपुढं उभा राहिला आणि ओठ शिवल्यासारखे मिटले. हवालदारांना स्वतःची लाज वाटली. लाजेपेक्षा भीती मोठी होती.

महिना सरता सरता साक्षी पलंगापाशी आली ती साध्या ड्रेसवर, खांद्याला पिशवी अडकवून.

"काका, मी काम सोडलं."

हवालदार ताडकन उठून बसले.

"का गं? कुठली कंपनी आली?"

"कंपनी कसली! सिस्टरचं कामच सोडलं. मामाचं कापडाचं दुकान आहे सांगलीला, तिथं बसणार." ती थांबली. "दोन-दोन पाळ्या करून हात आता खरंच कापायला लागलाय. आणि तुम्ही ओरडता ना, ते घरी गेलं तरी कानात राहतं. उद्या तुमचा हात माझ्याकडनं गेला तर? धुळामामांचं ऐकलंय मी."

ती वाकली आणि तिनं हवालदारांच्या पायाला हात लावला.

"तुम्हाला लई त्रास दिला. माफ करा."

"पोरी, आगं दुखत नव्हतं गं मला!" हवालदारांचा आवाज फाटला. "देवाशप्पत सांगतो. कंदीच दुखलं न्हाई. तू जाशील म्हून... म्हून वरडत हुतो मी!"

साक्षी त्यांच्याकडं बघून हसली. दुखणाईत माणसाची समजूत काढावी, तसं.

"तुम्ही मनानं चांगले आहात, काका," ती म्हणाली आणि मनुबाईंना नमस्कार करून गेली.

मनुबाई दाराकडं बघत राहिल्या. मग नवऱ्याकडं वळल्या.

"काय केलंसा हो हे?"

हवालदारांनी डावा हात उचलून कानाशी धरला.

थोड्या वेळानं एक पोरगी ट्रे घेऊन आली. नवा कोरा गणवेश, गळ्यातल्या ओळखपत्रावर अजून फोटोही नव्हता. माया, तिनं नाव सांगितलं. तिनं हवालदारांचा हात धरला. शीर थरथरतेय की पोरीची बोटं, ते त्यांना कळेना. सुई टेकली, घसरली, पुन्हा टेकली. मग आत गेली आणि खांद्यापर्यंत आगीचा लोळ उठला. पायथ्याशी मनुबाईंनी पदर तोंडात धरला.

"काका... दुखलं का हो?" माया रडवेली झाली होती.

हवालदारांनी दात आवळले. डोळ्यांतलं पाणी तिला दिसू नये म्हणून मान दुसरीकडं वळवली, तर समोर धुळाचा पलंग होता.

"न्हाई गं पोरी," ते म्हणाले. "कळलंसुदीक न्हाई मला. लय हलका हात हाय तुझा."