ओढ्याकाठचा ठिपका

मोहरीएवढा हिरवा ठिपका, स्क्रीनवरच्या ओढ्याच्या निळ्या रेषेला चिकटून बसलेला... हलत नाही, म्हणजे सुभेदार तिथेच टेकला असणार, पाणी पीत असणार, असं यंत्राची चाचणी घेणारी ती स्वतःशी म्हणत होती, तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. सुभेदारच. बूट चिखलानं भरलेले, पाठीवर तो ठिपका पाठवणारं यंत्र, त्याचा दिवा व्यवस्थित चालू.

"मॅडम, मी कधीचा इथं उभा आहे," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावरून वाकून पाहत, हसू दाबत, "मग तिथं कोण बसलंय?"

तीही हसली. मग पुन्हा स्क्रीनकडे वळली.

टेकडीआड सिग्नल तुटला होता आणि यंत्र त्याची शेवटची जागाच आत्ताची म्हणून दाखवत राहिलं होतं — ठिपका फिका नाही, इशारा नाही, काही नाही. आज सराव होता म्हणून ठीक. पण पुढे लढाईत आपली माणसं कुठे आहेत हे याच स्क्रीनवर पाहून तोफांचा मारा ठरणार. जिथे हिरवं नाही तिथे आपलं कुणी नाही, असंच धरून चालणार. म्हणजे आत्ता, या क्षणी, हा माणूस माझ्या शेजारी उभा राहून श्वास घेतोय, आणि यंत्राच्या लेखी ही जागा मोकळी आहे.

दुपारच्या बैठकीत साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. यंत्र बनवणाऱ्यांचा माणूस गोड बोलत होता. टेकडीआडच होतं, मागाहून सुधारता येईल, वगैरे. तुकडी उद्या निघणार होती आणि यंत्रं तिच्याबरोबर जावीत ही वरच्यांची इच्छा होती. चाचणीचा शेरा तिचा होता; सगळे तिच्याकडे पाहू लागले तेव्हा तिला का कोण जाणे आईचा फोन आठवला — धाकटा भाऊ अशाच कुठल्याशा दूरच्या चौकीवर, त्याचं तिच्याशी बोलणं जवळजवळ बंदच, आणि आई विचारत होती, तुझ्या त्या यंत्रात आपला धाकटा दिसतो का गं? दिसतो की, बरा आहे, असं खोटंच सांगून तिनं फोन ठेवला होता. आई त्या रात्री नीट झोपली म्हणे...

"तुमची खात्री आहे?" साहेबांनी विचारलं.

"खात्री नाही, म्हणूनच नको म्हणते."

कुणी वाद घातला नाही. खुर्च्या सरकल्या, यंत्रं पाठवायची नाहीत असं ठरलं, आणि दारातून बाहेर पडताना तिच्यासाठी कुणी थांबलं नाही. एरवी चहाला हाक मारणारी शेजारच्या टेबलावरची बाईसुद्धा घाईघाईनं पुढे गेली. ठीक आहे, ती मनात म्हणाली, माझं बरोबर आहे. बरोबर असण्याची ऊब पुरेल असं तिला वाटलं होतं.

संध्याकाळी सुभेदार यंत्र परत करायला आला. टेबलावर ठेवून तो जाईना. तिला वाटलं, आभार मानेल.

"बरोबर केलंत तुम्ही," तो म्हणाला. मग यंत्राचा पट्टा गुंडाळत, "मागच्या खेपेला धुकं होतं. आम्ही आमच्याच पोरांवर गोळ्या झाडल्या. तेव्हा ठिपके नव्हते. खरे नाही, खोटे नाही."

ती उभी राहिली. "मग मी हो म्हणायला हवं होतं?"

त्यानं खरंच विचार केला. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ते मला नका विचारू, मॅडम. मला उद्या जायचंय." आणि मान झुकवून तो गेला.

खिडकीबाहेर मैदानात ट्रकमध्ये सामान चढत होतं, कुणीतरी कुणाला तरी हाळी देत होतं. ती पाहत राहिली. दुपारपासून तिनं धरून ठेवलेलं एक वाक्य — निदान माझ्या हातून काही होणार नाही — आता पुन्हा म्हणून पाहिलं, तर ते अर्ध्यावरच थांबलं. होकारानं मेली असती ती माणसं तिला दिसली होती, ओढ्याकाठची, टेकडीमागची. नकारानं मरू शकणारी दिसली नव्हती, ती उद्या धुक्यात चालणार होती, एकमेकांना आवाज देत, आणि ती माणसंही आता तिचीच होती. भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण त्या भीतीखाली, फार दिवसांनी, कुणाच्या तरी सोबत उभं असल्यासारखं काहीतरी होतं... त्याला काय म्हणायचं ते तिला कळेना, आणि ती खिडकीपासून हलली नाही.