गंजलेल्या नटांमागचं गाठोडं

सुनीलच्या प्रवासी जीपनं चढावर दम धरायचाच सोडला आणि काळा धूर ओकायला सुरुवात केली, तेव्हा राजूरच्या मेकॅनिकनं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा जड लोखंडी भाग, उतरवून त्याच्या हवाली केलं. "मशीन शॉपला दाखव. तिथं नीट झालं तर गाडी, न्हाईतर भंगार." गाडी भंगारात म्हणजे सुनील चाकणच्या कंपनीत. मावसभावानं खोलीसुद्धा बघून ठेवली होती. पण गाव सोडायचं सुनीलच्या मनात नव्हतं.

हेड बारदानात गुंडाळून तो एसटीनं संगमनेरला गेला. इंजिनात हवा नेणारा इनटेकचा पाईप नट गंजल्यामुळे हेडला तसाच चिकटलेला, त्यामुळे ओझ्यानं खांदा निखळायची वेळ आली. पहिल्या दुकानदारानं बारदान न सोडताच नवीन हेड घ्यायला सांगितलं. दुसऱ्यानं धुराचा रंग विचारला आणि "गेलं हे" म्हणून मोकळा झाला. अहो, डॉक्टरसुद्धा निदान नाडी तरी बघतो! शेवटी तिथंच बसलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याला त्याची दया आली. "बेलापूरला भिमाजी मिस्त्रीकडं जा. तोंडाचा फटकळ हाय, पन खोलल्याबिगर बोलत न्हाई."

भिमाजी मिस्त्रींनी हेडवर पोलादी पट्टी आडवी-उभी ठेवून खालून उजेड येतो का ते पाहिलं. "सपाट हाय की! कोन म्हनतो गेलं?" मग नटांवर रॉकेल सोडून, शिव्या देत, त्यांनी इनटेकचा पाईप सोडवला. आत बोटं घातली आणि तेलानं काळं पडलेलं लाल फडक्याचं चिमुकलं गाठोडं बाहेर ओढलं. गाठ सुटली तशी टेबलावर राख सांडली.

"अंगारा?" मिस्त्री म्हणाले. "हवाच कोंडली हुती, गाडी ओढनार कशी?"

सुनीलनं तिथूनच आईला, बनुबाईला, फोन लावला.

"व्हय, म्याच ठिवला," बनुबाई बिनदिक्कत म्हणाली. "तू हवेचा फिल्टर धुवायला गेल्तास, तवा पाईप उघडाच हुता. डॅशबोर्डवरचा तू सारखा काढून टाकतोस. म्हटलं, आतून राखन करील."

सुनीलचं डोकंच फिरलं. चार दिवसांची वणवण, दुखरा खांदा, ती चाकणची खोली, सगळं एका दमात तो आईला ऐकवणार, एवढ्यात मिस्त्रींनी त्याचा हात धरला. फोन चालू असताना हेडमधून काढलेला एक व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची झडप, त्यांनी त्याच्या डोळ्यांसमोर फिरवला. दांडीवर केसाएवढी चीर होती.

"ह्यो आठ दिवसांत तुटला असता. तुटून खाली पडला की इंजिनाचा चुरा. मानसं भरून घाटात असतास तर?" ते चष्मा पुसत म्हणाले. "त्या गाठोड्यानं गाडी अडली, म्हनून खोलली तरी. व्हॉल्व्ह बदलून देतो. परवा ये घेऊन जायला."

सुनील बाकावर टेकला. रोजची बाजाराची माणसं, मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसणारी बायापोरं त्याच्या डोळ्यांपुढं आली. फोन अजून चालूच होता.

"काय रं, लई नुकसान झालं का?" पलीकडून आईचा आवाज बारीक झालेला.

"न्हाई गं आये." त्यानं चिरलेला व्हॉल्व्ह हातात घेतला. "गाडी हुतीया नीट. आन् दुसरा अंगारा आनून ठिव. डॅशबोर्डवर ठिवू. मी न्हाई काढनार."