अंगावरचा कर्टल

अव्हिस म्हातारीने हिरवा कर्टल अंगात असताना जीव सोडला, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

घातला होता तिच्या लेकीनेच, गुनिल्डने. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, नदीवरून बोचरा वारा सुटलेला. म्हातारी सकाळपासून कुडकुडत होती. दोन घोंगड्या घातल्या, दगड तापवून पायाशी ठेवला, तरी तिचे दात वाजायचे थांबेनात. शेवटी गुनिल्डने पेटीतून कर्टल, तो जाड लोकरीचा पायघोळ झगा, काढला, आईला उठवून बसवलं, तिचे काटकुळे हात बाह्यांत सरकवले आणि बगलेखालची नाडी आवळली. म्हातारी म्हणाली, "आता कसं बरं वाटतंय." दिवस कलायच्या आत ती गेली.

शेजारची एमट धावत आली. प्रेताकडे पाहून ती आधी रडली, मग तिची नजर कर्टलवर थबकली.

"अगं गुनिल्ड, हे काय केलंस गं?"

काय केलं ते गुनिल्डला तेव्हा कळलं. गावात माणूस मेलं की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदाराचं आणि मेलेल्याचा सगळ्यात चांगला कपडा चर्चचा; तो प्रेताच्या पुढे धरून चर्चपर्यंत न्यायचा आणि पाद्रीच्या हवाली करायचा. म्हणून तर लोक मरणाऱ्याला जुनेरं घालत आणि चांगलं ते आधीच चारचौघांसमोर लेकीसुनांच्या हवाली करत. अव्हिसनेही केलं होतं. गेल्या सुगीत, सेंट मायकेलच्या सणाला विहिरीवर, एमटच्या देखत, तिने हा कर्टल गुनिल्डच्या खांद्यावर टाकला होता आणि म्हणाली होती, "आजपासून हा तुझा. साबिनचं लग्न होईल तेव्हा तिचा." साबिन म्हणजे गुनिल्डची लेक. तिचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. आणि आता कर्टल पुन्हा म्हातारीच्याच अंगावर, तोही मरताना.

संध्याकाळी म्हातारा थर्स्टनबाबा येऊन बाकावर टेकला. बियरचा घोट घेऊन तो कर्टलकडे बघत राहिला.

"हा तुझ्या पणज्याचा, बरं का गुनिल्ड. मी पोरगा होतो तेव्हा कर्टल म्हटलं की बाप्याचा सदरा, हा असा गुडघ्यापर्यंत. बायकांनी आमच्याकडून तो कधी पळवला ते कळलंच नाही."

"पळवला नाही, बाबा. तुम्ही फाडून ठेवलात, आम्ही शिवून घेतला," एमट म्हणाली.

खरंच तसं होतं. पणज्याच्या आखूड कर्टलला आजीने खालून घेर जोडला, आईने बाह्या नव्या लावल्या, गुनिल्डने तो उसवून, पालथा करून पुन्हा हिरवा रंगवला. आखूड होता तो पायघोळ झाला, बाप्याचा होता तो बाईचा झाला, नाव तेवढं तेच राहिलं. तीन पिढ्यांच्या बायका लग्नात तो घालून चर्चच्या दाराशी नवऱ्याचा हात धरून उभ्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमो पाद्री आला. धिप्पाड माणूस, आवाज मऊ. प्रार्थना म्हणून झाल्यावर त्याने बोटांनी कर्टलची किनार चाचपली.

"कापड चांगलं आहे. प्रेताच्या हाच पुढे चालवा."

"पाद्रीबाबा, तो माझा आहे. आईने मला कधीच दिलाय. तिला थंडी वाजत होती म्हणून मी घातला."

"मरताना तिच्या अंगावर होता ना? मग तिचाच. उद्या प्रत्येक जण म्हणेल, उसना घातला होता."

"एमटला विचारा. तिच्यासमोर दिलाय."

सगळ्यांचे डोळे एमटकडे वळले. एमटने हात एप्रनला पुसले. पुसण्यासारखं काही नव्हतं हाताला.

"मला नाही बाई आठवत," ती म्हणाली.

गुनिल्ड तिच्याकडे बघतच राहिली. "विहिरीवर. तुझी घागर माझ्या पायावर सांडली होती. नाही आठवत?"

"नाही."

पाद्री गेला. गुनिल्डने एमटला दाराआड गाठलं. "खोटं का बोललीस? त्याला भितेस?"

"भीत नाही," एमट फणकारली. "माझ्या आईचा तांबडा झगा चर्चने नेला तेव्हा तू होतीस ना? काय बोललीस? 'रिवाजच आहे गं, एमट.' मग माझ्या आईचा गेला, तुझ्याच आईचा का राहावा? सगळ्यांचे जातात. तू कोण लागून गेलीस?"

 गुनिल्डला राग आला तो या गोष्टीचा, की ते शब्द खरंच तिचे होते. पण आईला ऊब दिली म्हणून लेकीचा कपडा जावा, हे तिच्या गळी उतरेना. ती आत गेली, दार लावलं. आईच्या अंगातून तिने कर्टल काढला, आईला पांढऱ्या कापडात गुंडाळून शिवलं.  मग कर्टल स्वतःच्या डोक्यावरून खाली ओढला आणि नाडी इतकी करकचून बांधली की श्वास अडला.

साबिन म्हणाली, "आई, काय करतेस?"

"पुढे चालवा म्हणाला ना? चालवते."

प्रेत निघालं. प्रेताच्या पुढे कपडा हवा, तसा तो होता. फक्त आत गुनिल्ड होती. कुंपणाशी उभे असलेले लोक कुजबुजले, कुणीतरी फिस्सकन हसलं. थर्स्टनबाबा काठी टेकत मागून चालताना मोठ्याने म्हणाला, "रिवाज मोडला नाही हो पोरीने."

चर्चच्या दारात पाद्री हात पुढे करून उभा होता. गुनिल्ड त्याच्यासमोर जाऊन थांबली आणि तिने डावा हात वर उचलला.

"नाडी इथे आहे, बगलेत. घ्या काढून."

पाद्रीचे कान लाल झाले. "ही कसली बेशरमी? आईचं प्रेत मागे आहे तुझ्या."

"आहे ना. तिच्या अंगावरून ओढून न्यायला लाज वाटली नसती, मग माझ्या अंगावरून कसली? सोडा नाडी. सगळा गाव बघतोय."

 पाद्रीने हात मागे घेतला.

"आधी म्हातारीला मातीआड करू," तो पुटपुटला. "पण ऐक. अंगातून ज्या क्षणी उतरेल, त्या क्षणी तो चर्चचा."

"मग उतरणारच नाही."

आणि तिने उतरवला नाही. त्यातच झोपली, त्यातच वाटाण्याचं कालवण ढवळलं, त्यातच डुकरीण बाहेर काढली. घेराला चिखल लागला, बाही चुलीपाशी करपली. ईस्टरला सारा गाव प्रसादाच्या भाकरीसाठी रांगेत उभा राहिला. तिची पाळी आली तेव्हा पाद्री तिला वगळून पुढच्याकडे गेला. गुनिल्ड तोंड मिटून तिथेच उभी राहिली, शेवटचा माणूस परतेपर्यंत. वर्षातून एकदा मिळणारा घास तिला मिळाला नव्हता. घरी येऊन तिने केरसुणी भिंतीवर अशी आपटली की दांडाच तुटला.

लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा साबिनने ते विचारलं. इतके दिवस ती धाडस करत नव्हती.

"आई, तू काढलास तर तो नेईल. नाही काढलास तर मी काय घालू?"

 पोरीसाठीची वस्तू गुनिल्डने राखली होती, आणि तीच आता पोरीला देता येत नव्हती. तिला नाडी तोडून टाकावीशी वाटली, पाद्रीचं घर पेटवावंसं वाटलं.

"नको मला," साबिन एकदम म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "मी आतल्या धुवट शेमीजमध्येच जाईन. तू मात्र हाच घालून ये. सगळ्यांत पुढे उभी राहा. बघू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. बाहेर एमट होती. हातात तिचा स्वतःचा कर्टल, निळा, नीट चापून घडी घातलेला. तिची नजर उंबऱ्यावर होती.

"साबिनसाठी. उद्यापुरता. नंतरही ठेवला तरी चालेल." मग खालच्या आवाजात, "आठवतं मला. घागर सांडली होती ते."

"त्याच्यासमोर जाऊन सांगशील?"

  एमटने मान हलवली, नाही अशी.

गुनिल्डने तिच्या हातातून निळा कर्टल घेतला. झटकला, उजेडात धरून पाहिला, टाके तपासले. पोरीला तो नीट बसला असता.

"घेते," ती म्हणाली. "पोरीला हवा आहे म्हणून घेते. पण तू आत येऊ नकोस."

आणि तिने दार लावून घेतलं.