उजव्या हाताचा कोयता

सौम्या डावरी आहे हे जयाबाईंना लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. नव्या सुनेनं डाव्या हातानं आमटी वाढली, तसं त्यांनी ते ताट उचललं आणि सगळ्यांदेखत अंगणातल्या कुत्र्यापुढं ठेवलं. "आमच्यात असलं चालत न्हाय," एवढंच म्हणाल्या.

सौम्या बेळगावातल्या अनगोळची, बी.कॉम. झालेली. नवरा आदर्श बेळगावात एका कारखान्यात सुपरवायझर होता. तिथंच खोली घेऊन राहायचा आणि रविवारी संकेश्वरजवळच्या गावी यायचा. आईला सोबत पाहिजे म्हणून बायकोला त्यानं गावीच ठेवलं होतं.

घरात गॅस होता, पण अंघोळीचं पाणी बंबावरच तापायचं. रोज सकाळी सौम्याला बाभळीची लाकडं फोडून बंबात घालायच्या बारीक फोडींची बंबफोड करावी लागे. दिवाळीनंतर जुन्या कोयत्याची मूठ फुटली, तेव्हा सासूसुना संकेश्वरच्या बाजाराला गेल्या.

नागुबाई घिसाडीण रस्त्याकडेला भाता घेऊन बसली होती. पुढ्यातल्या पोत्यावर कोयते, विळे, कुऱ्हाडी. सौम्यानं त्यातला एक हलका कोयता उचलला.

"त्यो उसाचा, ताई. पातळ हाय. बाभळीत अडकंल नि वाकंल," नागुबाई म्हणाली. "बंबफोडीला जाड पाठीचा घ्या." तिनं एक आखूड, वजनदार कोयता काढून दगडावर आपटला. खणकन वाजला. "ट्रकच्या पाट्याचं लोखंड हाय."

सौम्यानं तो डाव्या हातात तोलून बघितला. नागुबाईच्या ते लगेच ध्यानात आलं.

"डावरी हायसा व्हय? मग असा नेऊ नगा. ह्याला धार एकाच अंगानं हाय, उजव्या हातासाठी. डाव्यानं मारला तर लाकडात शिरत न्हाय, घसरतोय. आणि घसरून लाकूड धरल्याल्या हातावर येतोय. थांबा जरा, दुसऱ्या अंगानंबी लावून देते."

"काय नगं," जयाबाई म्हणाल्या. "हाय तसाच दे."

"आक्का, अर्ध्या तासाचं काम. जादा काय मागत न्हाय मी."

"हाय तसाच दे म्हटलं न्हवं? कोयताच हिला उजवा हात वापरायला शिकवंल."

"आत्या, पण लागलं तर?" सौम्यानं विचारलं.

"लागू दे की. दोनदा लागलं की तिसऱ्यांदा हात आपोआप बदलतोय."

नागुबाईनं कोयता आपल्याकडं ओढला. "मग मला न्हाय इकायचा." जयाबाईंनी नोटा पोत्यावर टाकल्या, तिच्या हातातून कोयता घेतला आणि पिशवीत घातला.

रविवारी सौम्यानं तो आदर्शला दाखवला. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "उद्या बेळगावात धार लावून घेतो."

सोप्यात जयाबाई तांदूळ निवडत होत्या. "आदर्श, तू धार लावून आणलास तर मी त्या बंबाच्या पाण्याला शिवायची न्हाय."

आदर्शनं कोयता कोनाड्यात ठेवून दिला. बायकोला म्हणाला, "शिक की गं उजव्या हातानं. तेवढ्यानं काय बिघडतंय?"

सौम्यानं आठ दिवस उजव्या हातानं लाकूड फोडलं. घाव चुकायचे, फोडी जाड निघायच्या, बंब धुमसत राहायचा. जयाबाई गार पाण्यानं अंघोळ करायच्या आणि दारात उभं राहून गल्लीला ऐकवायच्या. नवव्या दिवशी त्या न्हाणीच्या दारातून ओरडल्या, "अजून पाणी न्हाय? बापानं काय शिकवलंय का न्हाय?" सौम्यानं कोयता डाव्या हातात घेतला. दोन फोडी छान निघाल्या. तिसऱ्या घावाला पातं घसरलं.

तिची किंकाळी ऐकून जयाबाई आल्या. रक्त बघितलं. जागच्या हलल्या नाहीत.

"कुठल्या हातानं मारत हुतीस?"

सौम्यानं मनगट घट्ट धरलं होतं.

"इचारतीया मी. कुठल्या हातानं?"

"डाव्या."

"मग बरोबर झालं," जयाबाई म्हणाल्या, आणि अंघोळीचं आवरायला वळल्या. शेजारच्या मालुबाईंनी पळत येऊन पदर फाडून हात बांधला. त्यांनीच रिक्षा बोलावली.

उजव्या हाताची तर्जनी गेली. अंगठा राहिला, पण वाकेना. बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कानडीतून विचारलं, कसं झालं? आदर्शनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानडीतच सांगितलं, "लक्ष नव्हतं तिचं." डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. खांद्यावरचा हात दाबला गेला. तिनं होकारार्थी मान हलवली.

पंधरा दिवसांनी जयाबाईंनी लेकाला सांगितलं, "आता तर ती समदं डाव्याच हातानं करणार. तिच्या हातचं मी खायची न्हाय." पुढच्या रविवारी आदर्शनं सौम्याला अनगोळला आणून सोडलं. "बरी होईस्तोवर राहा," म्हणाला. तो गेल्यावर सौम्याच्या आईनं त्यानं भरलेली बॅग उघडली. शालू, पायातली जोडवी ठेवायची डबी, कॉलेजची सर्टिफिकेटं, सगळं त्यात होतं.

महिन्यानं सौम्यानंच आदर्शला फोन केला आणि विचारलं, "आत्यांना पाणी कोण तापवून देतंय?"

"गिझर बसवला," आदर्श म्हणाला. "आईचे हाल बघवंनात."

सौम्या अजून अनगोळलाच आहे. लग्न मोडलेलं नाही, आणि तिला न्यायलाही कुणी आलेलं नाही.