सत्तरीच्या रांगेतला कॉर्नेट

गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, ॲन्सेल्म निर्मळ गावातल्या हॉलसमोर रांगेत उभा राहिला. सत्तर पूर्ण झालेल्यांना मोफत उपचाराचं सरकारी कार्ड त्या दिवशी तिथल्या कॅम्पात काढून मिळत होतं.

गावाच्या लेखी ॲन्सेल्म सदुसष्टचा होता. लग्नाच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवायचा, आणि बँडमास्टर प्लासिडचा नियम होता, सत्तरी गाठली की वाद्य खाली. त्यामुळे ॲन्सेल्म गेली काही वर्षं सदुसष्टवरच मुक्काम ठोकून होता. खरं वय बहात्तर.

पण पोटात हर्निया उतरला. ऑपरेशन होईपर्यंत फुंकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. खर्चाचा आकडा ऐकून तो तसाच घरी आला. पूर्वी अशा कार्डासाठी उत्पन्न बघायचे. नव्या नियमाने सत्तरीनंतर ती अट गेली होती. म्हणजे वाजवायचं तर कार्ड हवं, आणि कार्ड काढलं तर वय उघडं पडून वाजवणं बंद. कोणी विचारलं तर निमित्त म्हणून त्याने बायकोला, रिटाला, सोबत आणलं होतं.

"काय ॲन्सेल्म, तू इकडे?" पुढून आवाज आला. प्लासिडच होता.

"हिला घेऊन आलो. हिचं कार्ड."

रिटाने मान वळवली. "माझं? मला अडुसष्ट चालू आहे. स्वतःचं वय माझ्या पदरात टाकता होय?"

रांगेत खसखस पिकली. ॲन्सेल्मने घाईने विचारलं, "आणि मास्टर, तुम्ही?"

"मी सासूबाईंना घेऊन आलोय."

"कुठायत?"

"बसल्यात आत, पंख्याखाली."

ॲन्सेल्मला आठवलं. "मास्टर, त्यांच्या मयताला आपणच वाजवलं होतं. पावसात. तुमचा ताल चुकला होता."

प्लासिडने चष्मा काढून पुसला. "ताल ढोलवाल्या पीटरचा चुकला होता," तो म्हणाला.

तेवढ्यात कार्ड काढणाऱ्या उन्नतीने हातातली यादी बघत दारातून हाक दिली. "प्लासिड अंकल, या. आधारवर चौऱ्याहत्तर आहे, काही अडचण नाही. ॲन्सेल्म अंकल, बहात्तर ना? तुम्हीही तयार राहा."

"चौऱ्याहत्तर," ॲन्सेल्म म्हणाला.

"तुझ्याहून दोनच जास्त," प्लासिड म्हणाला. "गुडघ्यासाठी आलोय. मिरवणुकीत चालवत नाही रे."

दोघांनी ठशाच्या यंत्रावर बोटं टेकवली, कार्डं घेतली आणि बाहेर येऊन एकाच बाकावर बसले. रिटाने चहा आणला. नवऱ्याला मात्र बिनसाखरेचा, शिक्षा म्हणून.

हर्नियाचं ऑपरेशन कार्डावर मंजूर झालं, येत्या गुरुवारी आहे. नियमासाठी बँडची सभा काल संध्याकाळी बसली. वयाची अट काढावी की ठेवावी, यावर मतं सारखी पडली. एकच मत उरलं होतं, ढोलवाल्या पीटरचं. त्याने विचार करायला आठवडा मागितला, आणि जाताना ॲन्सेल्मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, पुढचा कॅम्प कधी आहे?