बोरटेकडीचा सूर

"आधी पेटी उतरवा, मग मी उतरतो," बद्रीनाथ जीपमधूनच म्हणाले.

जीपचं मागचं चाक काळ्या चिखलात रुतलं होतं. वरून पाऊस, खाली कोळशाची राड. बद्रीनाथांनी स्वतःचा रेनकोट पेटीला घातला होता, अगदी बटणं लावून, आणि स्वतः डोक्यावर रुमाल टाकून भिजत बसले होते.

"बरोबर आहे काका," तबल्याचा अनिरुद्ध म्हणाला. "तिला सर्दी झाली तर सूर आणखी उतरायचा."

विमलाबाई हसल्या नाहीत. हा विषय कालपासून त्यांच्या मनात खुपत होता.

बावीस वर्षं त्या कीर्तन करत होत्या आणि बावीस वर्षं बद्रीनाथ त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसत होते. नोकरी महापालिकेत, पाणी सोडण्याची. वारज्यात पहाटे चारला उठून रस्त्यातल्या चाव्या फिरवायच्या, आणि संध्याकाळी धुतलेला सदरा घालून देवळात हजर. ताप असो, घरात लग्न असो, गादी मांडली आणि बद्रीनाथ नाहीत असं एकदाही झालं नव्हतं. बाईंना उत्तररंगात कथा सांगताना शब्द आठवला नाही तर ते पेटीवर चाल अशी घोळवत ठेवायचे, की श्रोत्यांना वाटावं, बाई मुद्दामच थांबल्यात.

खोड्या दोनच. नमनाचा पहिला सूर धरला की ते हमखास एकदा दाराकडे बघायचे. "माणसं मोजताय का?" बाईंनी एकदा टोमणा मारला होता. "नाही बाई, सवय," एवढंच उत्तर. दुसरी खोडी पेटीची. ती सगळीच्या सगळी केसभर उतरलेली. अनिरुद्ध दरवेळी हातोडी घेऊन तबला खाली आणायचा. शनिवार पेठेतल्या पेटीवाल्याने दोनदा फुकट लावून देतो म्हटलं, तरी बद्रीनाथांनी पेटी दिली नाही.

अशा माणसाने गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच काही मागितलं. "बाई, आमच्या गावी नवी खाण येतेय. गाव उठतंय. गुरुवारी देवळातला देवही हलवणार. त्याआधी तिथे एक कीर्तन झालं असतं तर..."

बाई लगेच हो म्हणाल्या. मात्र काल पुण्याहून गाडी सुटल्यावर त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "रविवारी मोठं सभागृह आहे. पूर्णिमा कीबोर्डवर आहे, तुमची पेटी तिच्याशी जुळत नाही. रविवारच्या आत लावून घ्या. नाहीतर ती एकटीच बसेल साथीला."

"बरं," बद्रीनाथ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सकाळी वर्ध्याला उतरेपर्यंत त्यांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आता बद्रीनाथांच्या गावात, बोरटेकडीत शिरताना दोन्ही बाजूंना दारं-खिडक्या काढून नेलेली घरं दिसत होती. भिंतींवर घर नंबर रंगवलेले. मारुतीच्या देवळात अकरा माणसं गोणपाटावर बसली होती, बहुतेक जुन्या, बंद पडलेल्या खाणीतले म्हातारे.

"आलास का बे, बद्री?" शंभू नावाचे एक आजोबा ओरडले. "पुण्याचं पाणी प्यून वाळलास तं!"

"पाजणारा मीच होतो ना, म्हणून," बद्रीनाथ म्हणाले. बावीस वर्षांत बाईंनी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

वीज गेलेली होती. माइक नाही, विजेवर चालणारा तंबोरा नाही. बाईंनी गादीला नमस्कार केला, कपाळाला बुक्का लावून घेतला आणि झांज हातात घेऊन उभ्या राहिल्या. बद्रीनाथांनी भाता हलवला. षड्ज धरला.

देवळातली कुजबुज थांबली. शंभू आजोबांचा हात नकळत शेजारी गेला आणि नसलेला जेवणाचा डबा चाचपू लागला. देवळाला लागूनच अमिनाबींचं घर होतं. पडवीत तांदूळ निवडत बसलेली ती ऐंशीची म्हातारी सूप ठेवून उठली. तिने दारावरचं गोणपाट बाजूला केलं आणि भर पावसात खाणीच्या रस्त्याकडे पाहिलं.

बाईंनी डावीकडे नजर टाकली. बद्रीनाथही दारातून तिकडेच बघत होते.

उभं राहिल्यावर आरतीपर्यंत गादी सोडायची नाही, हा बाईंचा नेम. त्यांनी नमन सुरू केलं. त्या दिवशी त्यांचा गळा असा लागला, की अकरा जण नव्हे, अकराशे बसलेत असं वाटावं. आरती झाली, प्रसादाचा शिरा वाटला गेला, तेव्हा अमिनाबी पदर सावरत देवळाच्या पायरीशी आल्या.

"बद्री, हा तर आपला भोंगा होता ना रे? मला वाटलं, आमच्या यांची पाळी सुटली."

"हो चाची. तोच. पेटी त्याच्यावरच लावलीय."

"सहाचा भोंगा हाय बाई तो," शंभू आजोबांनी समजावलं. "खाणीतून माणसं वर यायची तवाचा, घरचे दाराकडं डोळे लावून बसायचे. आमच्या भजनी मंडळाची वीणा त्याच्यावरच लावत होतो आमी. दुसरा सूर होताच कुठं इथं? मंग खाण बंद झाली, भोंगा भंगारात गेला. मला वाटलं, गेला तो गेलाच."

बाईंच्या वाटीतला शिरा तसाच राहिला.

परतीच्या जीपमध्ये बद्रीनाथांनी पेटीला पुन्हा रेनकोट घातला. "बाई, उद्याच पेटी शनिवारात लावायला टाकतो," ते म्हणाले. "ज्यांना ऐकवायचा होता, त्यांनी ऐकला. आता गावच राहणार नाही, तर..."

"काही टाकायची नाही," बाई म्हणाल्या. आवाज फारच कडक आला, म्हणून अनिरुद्ध दचकला. मग त्याने पिशवीतून तबल्याची हातोडी काढली, पुसली आणि गुपचूप परत ठेवली.

रविवारी सभागृह भरलं होतं. पूर्णिमा कीबोर्डच्या वायरी जोडत होती.

"पूर्णिमा, तुझा सूर जरा खाली घे."

"बाई, अहो, माझा परफेक्ट आहे. काकांचाच—"

"खाली घे."

"किती?"

"ते त्यांना विचार."

बद्रीनाथांनी बाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी भाता उघडला आणि एक पट्टी दाबून धरली. पूर्णिमा कान देऊन हळूहळू खाली आली, अजून थोडी, अजून थोडी, आणि दोन्ही सूर एक झाले. बाई नमनाला उभ्या होत्या, पण त्यांनी सुरुवात केली नाही. बद्रीनाथांचं दाराकडे बघून होईपर्यंत त्या थांबल्या.