पेशी हलल्या नाहीत

घरच्या माणसाचं रक्त आपण तपासायचं नाही, असा आमच्या लॅबचा नियम आहे. मॅडमनी तो मला तोंडावर ऐकवला. पण मी ऐकतेय कसली! धाकट्या भावाचं मोठं आतडं ठेवायचं की कापून टाकायचं, हे त्या एका चाचणीवर ठरणार होतं. हातावर हात ठेवून बसणं मला जमणारं नव्हतं.

तसं सांगायला सोपं आहे. आतड्याच्या भिंतीतून एक रसायन पाझरतं. रक्तातल्या सैनिक पेशी त्याच्या वासावर तिकडे धावतात, जंतूंशी लढायला. धाकट्याच्या पेशी मात्र जंतू नसतानाही धावायच्या आणि त्याचंच आतडं सोलून काढायच्या. नवीन औषधाने त्यांचं नाक बंद झालंय का, एवढंच बघायचं होतं. झालं नसेल तर ऑपरेशन आणि जन्मभर शौचासाठी पोटावर पिशवी.

चाचणीची वाटी अगदी छोटी, मधे बारीक जाळी. वर पेशी सोडायच्या, खाली रसायन. वास लागला की पेशी जाळीतून खाली उतरतात. एका वाटीत त्याच्या पेशी घेतल्या, दुसरीत माझ्या, म्हणजे निरोगी माणसाच्या कशा धावतात ते कळतं. रसायनाची बाटली मी दोनदा उघडून पुन्हा बंद केली. मॅडम म्हणाल्या, "बाई गं, बाहेर जाऊन पाणी पी. मी करते."

"माझं मी बघते," मी फटकन म्हटलं. आगाऊपणा, दुसरं काय!

दुपारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्याच्या वाटीत जाळीखाली एकही पेशी नव्हती. मी तडक फोन लावला. "अरे, हलल्याच नाहीत! औषध लागू पडलंय, गाढवा!"

पलीकडून आधी नळाचा आवाज आला. मग तो हसला. "ताई, तू म्हणजे ना!" म्हणाला.

मी नाचायचीच काय ती बाकी होते. तेवढ्यात मॅडमनी माझी वाटी पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"तुझ्याही हलल्या नाहीत गं."

मी ठणठणीत, औषध नाही की गोळी नाही. माझ्या पेशी धावायलाच हव्या होत्या. मग लक्षात आलं. घाबरलेल्या हातांनी मी रसायन खाली घातलं होतं आणि वर पेशींमध्येही. सगळीकडे तोच वास, मग त्या बिचाऱ्या जाणार कुठे?

दुसऱ्या वेळी मॅडमनी केलं. मी स्टुलावर बसून नखं खाल्ली. माझ्या पेशी उतरल्या. त्याच्या तर झुंडीने उतरल्या.

मी पुन्हा फोन लावला. "अरे, चुकलं माझं. मघाशी तुला जे सांगितलं ना..."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"आज पुन्हा रक्त पडलं. खूप. तुझा फोन आला तेव्हा मी संडासातच होतो."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू इतकी खूश होतीस गं. म्हटलं, राहू दे थोडा वेळ."

मला रडू आवरेना. पोट त्याचं, आणि समजूत तो माझी घालत होता. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "आता माझी काळजी पुरे. खरं सांग, कसा आहेस?"

"भीती वाटतेय, ताई," तो म्हणाला. "तू ये ना आत्ता."